ज्यांना पाहिलं नाही, त्यांची आठवण



आज २१ ऑक्टोबर, पोलीस स्मृतिदिन. आणि आपलं आजचं वाचन आहे भागवताच्या सातव्या स्कंधातलं. हिरण्यकशिपू लाडाने विचारतो, "बाळ, काय शिकलास?" आणि प्रल्हाद नवविधा भक्ती सांगतो, तो प्रसंग. दोन्ही एका दिवशी आलं हा योगायोग, पण सकाळी एक गोष्ट घडली आणि दोन्ही एकमेकांत गुंतले.

झालं असं, की मी स्मृतिदिनाचा फोटो स्टेटसला ठेवला. दहा मिनिटांत मावसभावाचा मेसेज आला. तो एकोणीस वर्षांचा आहे. "ताई, यातल्या एकाला तरी ओळखतेस का? १९५९ साली काकांचापण जन्म झाला नव्हता. ज्याला पाहिलंच नाही त्याची आठवण कशी येते गं? हे थोडं खोटं नाही का?"

आधी राग आला. मग लक्षात आलं, राग आला कारण उत्तर नव्हतं. मी फोटो ठेवला होता, पण त्या दिवशी नक्की काय घडलं हे मला धड सांगता आलं नसतं.

म्हणून आधी ते वाचलं. लडाखमधलं हॉट स्प्रिंग्ज, १५ हजार फुटांच्या वर. २० ऑक्टोबर १९५९ ला टेहळणीसाठी गेलेल्या तुकड्यांपैकी एक परतलीच नाही. दुसऱ्या दिवशी करमसिंग नावाच्या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली साधारण वीस पोलीस आपल्या हरवलेल्या साथीदारांना शोधायला निघाले. टेकडीवरून चिनी सैन्याने गोळीबार केला. दहा जण गेले. त्यांचे देह परत मिळायला तीन आठवडे लागले आणि अंत्यसंस्कार तिथेच, त्या थंडीत, पोलिसी मानवंदनेने झाले. जानेवारी १९६० मध्ये सगळ्या राज्यांच्या पोलीस प्रमुखांच्या परिषदेत ठरलं, की हा दिवस दरवर्षी पाळायचा.

लढाई करायला नव्हे, आपली माणसं शोधायला गेले होते ते. हे मला आज कळलं. स्टेटस मात्र गेली चार वर्षं ठेवतेय.

आता प्रल्हादाकडे येऊ. नऊ भक्तींचा क्रम बघा. श्रवण, कीर्तन, स्मरण. त्यानंतर पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन. मी हा क्रम लहानपणापासून पाठ म्हणते, पण स्मरण तिसरं का, हा प्रश्न कधी पडला नव्हता. आठवण तर आपोआप येते ना? तिच्याआधी दोन पायऱ्या कशाला?

कारण इथे स्मरण म्हणजे आपोआप येणारी आठवण नाही. आपल्यापैकी कुणी कृष्णाला पाहिलंय? पंढरीला चालत जाणाऱ्या वारकऱ्याने ज्ञानोबांना पाहिलेलं नसतं, तुकोबांनाही नाही. तरी त्याचं स्मरण खोटं आहे असं म्हणायची आपली छाती होईल का? त्याने आधी ऐकलेलं असतं. मग चार जणांत गायलेलं, सांगितलेलं असतं. त्यातून स्मरण तयार होतं. पाहिलेल्याची आठवण ही देणगी आहे, न पाहिलेल्याचं स्मरण ही साधना आहे. म्हणजे भावाचा प्रश्न बरोबर होता, फक्त तो स्मरणाला लागू नव्हता, माझ्या आळसाला लागू होता. मी श्रवण आणि कीर्तन दोन्ही गाळून थेट अर्चनावर उडी मारली होती. फोटो, हार, दोन हात जोडलेली इमोजी, झालं.

मुंबईकरांसाठी याचं जवळचं उदाहरण म्हणजे तुकाराम ओंबळे. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे, मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ ची ती रात्र, गिरगाव चौपाटीजवळची नाकाबंदी. दोन दहशतवादी असलेली गाडी अडली. ओंबळ्यांच्या हातात होती फक्त लाठी. समोर एके-४७. त्यांनी त्या बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या अंगात शिरल्या तरी सोडली नाही. तेवढ्या वेळात साथीदारांनी अजमल कसाबला जिवंत पकडलं. पुढे त्याच्यावर खुला खटला चालला, सगळा कट जगासमोर आला. हे फळ ओंबळ्यांना दिसलं नाही. त्यांच्या वाट्याला फक्त कर्म आलं. २६ जानेवारी २००९ ला त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

आज कॉलेजात असलेली मुलं तेव्हा रांगत होती, काही तर जन्मलीही नव्हती. त्यांच्यासाठी ओंबळे आणि हॉट स्प्रिंग्जचे दहा जण सारखेच, न पाहिलेले. पण कीर्तन कुठून कसं होईल सांगता येत नाही. ठाणे-कल्याण परिसरात कोळ्याची एक नवी जात सापडली, २०२१ मध्ये संशोधकांनी तिला ओंबळ्यांचं नाव दिलं, आयसियस तुकारामी. उद्या एखादं पोर कोळी बघून विचारेल, "हा तुकाराम कोण?" तिथून श्रवण सुरू होईल.

आता एक कबुली द्यायचीय. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला मी स्कूटीवरून येत होते. नाकाबंदी होती. एक वयस्कर हवालदार, रेनकोटमधून पाणी गळत होतं, लायसन्स मागत होते. मी दमले होते. मी त्यांच्याशी जे बोलले ते इथे लिहवत नाही. त्यांनी शांतपणे कागद बघितले आणि म्हणाले, "जा बेटा, सावकाश जा."

ओंबळेही अशाच नाकाबंदीवर उभे होते. येणारी प्रत्येक गाडी त्यांच्यासाठीही आधी फक्त एक गाडीच होती. ज्यांच्या स्मारकासमोर मी मान झुकवते, त्यांच्याच जागी उभ्या असलेल्या माणसावर मी ओरडले. गेलेला पोलीस माझ्याकडे काही मागत नाही, म्हणून त्याला वंदन करणं सोपं. जिवंत पोलीस लायसन्स मागतो!

याचा अर्थ वर्दीतल्या प्रत्येकाचं सगळं बरोबर, असं नाही. चुकलं तर विचारायलाच हवं, तेही नागरिक म्हणून आपलं कर्तव्यच. पण विचारणं वेगळं आणि तुच्छ लेखणं वेगळं.

स्मृतिदिनाच्या परेडमध्ये एक गोष्ट असते. वर्षभरात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं वाचली जातात. एकेक नाव, सावकाश. मुंबईत नायगावच्या मैदानावर हे होतं. वाचणारा त्या सगळ्यांना ओळखत नसतो, ऐकणाराही नसतो. तरी वाचतात. आपण याला नामस्मरण म्हणतो ना? रोज जपाला बसल्यावर प्रत्येक नामाला डोळे भरून येतात का? नाही येत. तरी माळ सोडत नाही आपण. भाव येईल तेव्हा येईल, नेम चुकवायचा नाही.

भावाला संध्याकाळी फोन केला. हॉट स्प्रिंग्जची गोष्ट सांगितली, दहा मिनिटं. तो गप्प ऐकत होता. शेवटी म्हणाला, "शोधायला गेले होते? हे माहीतच नव्हतं गं." मी म्हटलं, "मलापण आजच कळलं."

आजचा संकल्प छोटासाच आहे. कर्तव्यावर गेलेल्या एका पोलिसाची गोष्ट नीट वाचा, म्हणजे श्रवण झालं. ती घरात एकाला तरी सांगा, म्हणजे कीर्तन झालं. आणि पुढच्या नाकाबंदीला गाडी थांबवून, काच खाली करून, आधी "नमस्कार काका" म्हणा. स्मरण तिथे होईल.

राम कृष्ण हरी.