अपरिग्रह आणि यंत्राची स्मृती

योगसूत्रांत जे पाच यम सांगितले आहेत, त्यांत अपरिग्रहाचा क्रम शेवटचा. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि ब्रह्मचर्य यांविषयी कीर्तनांतून व प्रवचनांतून पुष्कळ सांगितले जाते. अपरिग्रहाची बोळवण मात्र बहुधा 'फार साठवू नये' एवढ्या एका वाक्यात होते. वस्तुतः व्यासभाष्यातील त्याची मीमांसा बरीच सूक्ष्म आहे. वस्तू मिळविण्यात, राखण्यात, ती नष्ट होण्यात, तिची ओढ लागण्यात आणि तिच्यापायी दुसऱ्यास पीडा होण्यात जे दोष आहेत ते ओळखून तिचा स्वीकार न करणे, असा तिचा आशय आहे. आता ज्याला लोभ नाही, ज्याने कोणाचे काही चोरलेले नाही आणि जो नेमून दिलेले काम प्रामाणिकपणे करीत आहे, त्याच्या हातून केवळ सोडावयाचे राहून गेल्यामुळे संचय झाला, तर त्यास दोषी म्हणावे काय? आणि त्या दोषाचे निवारण करण्याचे कर्तव्य कोणावर?

ही शंका केवळ शास्त्रचर्चेपुरती नव्हे. संगणकाच्या व्यवसायात ती रोज उभी राहते, आणि आपल्या सभासद कुटुंबांतील कितीतरी मुलेमुली आज त्याच व्यवसायात आहेत. त्यांच्या तोंडी 'मेमरी लीक' हा शब्द जेवणाच्या पानावरही येतो. इतर वाचकांसाठी तो थोडा उलगडून सांगणे जरूर आहे.

घरी मुंज किंवा लग्न निघाले म्हणजे देवळाच्या कोठीतून पातेली, ताटे, सतरंज्या न्यावयाच्या आणि कार्य आटोपताच परत आणून द्यावयाच्या, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. संगणकातही अशीच एक कोठी असते, ती म्हणजे मेमरी. वर्गणीच्या नोंदी डेटाबेसमधून एकेक काढाव्या, प्रत्येकीची पावती तयार करावी व पुढची नोंद घ्यावी, एवढेच काम करणारा लहानसा प्रोग्राम (त्यास स्क्रिप्ट म्हणतात) घेतला, तरी तो दर नोंदीसाठी या कोठीतून थोडी जागा मागून घेतो व काम होताच परत करतो. परत करणे राहिले की गळती सुरू झाली. एका नोंदीमागे राहणारी जागा इतकी अल्प असते की शंभर नोंदींपर्यंत कोणास पत्ताही लागत नाही. नोंदी लाखांवर गेल्या की यंत्र मंदावते, आणि अखेरीस कोठी रिकामी होते.

त्यापुढे जे होते ते नीतीच्या दृष्टीने फार विचार करण्याजोगे आहे. लिनक्स या प्रणालीत मेमरी संपली म्हणजे प्रणाली स्वतःच एखादा चालू प्रोग्राम निवडून बंद पाडते. निवड करताना ती मुख्यतः कोणी किती जागा व्यापली आहे हे पाहते. ती कशासाठी व्यापली, हे तिला कळण्याचा मार्ग नसतो. त्यामुळे सांडलवंड केली लहानशा स्क्रिप्टने आणि प्राण गेले शेजारी इमानाने काम करीत असलेल्या डेटाबेसचे, असेही घडू शकते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अधिकृत मार्गदर्शिकेत हा इशारा स्पष्टपणे दिलेला आहे. भाष्यकारांनी संग्रहाच्या दोषांत परपीडेची गणना का केली असावी, हे आम्हांस या उदाहरणावरून जितके स्पष्ट झाले तितके सावकारांच्या गोष्टींवरून झाले नव्हते.

आता गळती होते कशी? जुन्या पद्धतीच्या भाषांत, उदाहरणार्थ 'सी'मध्ये, घेतलेली जागा परत करण्याचा भार प्रोग्राम लिहिणाऱ्यावर असतो. तो विसरला आणि जागेचा पत्ताही हरवला, म्हणजे जागा अडकून पडते. ती आपल्याकडे आहे याचे भानही प्रोग्रामला उरत नाही. हे विस्मरण होय. त्यावर उपाय म्हणून जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या लिस्प या भाषेच्या निबंधात एक योजना मांडली : चालू कामाच्या मुळापासून धागा धरून जिथवर पोहोचता येते तेवढे ठेवावे, बाकीचे यंत्राने स्वतःच झाडून काढावे. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी रीत सुचविली. प्रत्येक वस्तूस किती जणांनी धरले आहे याची गणती ठेवावी आणि ती शून्यावर आली की वस्तू सोडावी. या दुसऱ्या रीतीत एक गमतीदार उणीव आहे. दोन वस्तूंनी परस्परांस धरून ठेवले, तर बाहेरच्या कोणासही त्यांची गरज नसली तरी त्यांची गणती कधीच शून्य होत नाही. (अशी काही मंडळे व समित्या आमच्याही पाहण्यात आहेत!) आज बहुप्रचलित असलेल्या पायथन भाषेत गणती चालते आणि असे फेरे शोधून मोडण्याची व्यवस्थाही आहे.

तरीही पायथनमध्ये गळती होतेच, आणि याचे कारण आम्हांस या सर्व विषयाचे मर्म वाटते. जिथवर पोहोचता येत नाही ते यंत्र ओळखू शकते. ज्याची गरज उरली नाही ते ओळखू शकत नाही. कोणीतरी धरले आहे एवढे त्याला दिसते. धरण्यात अर्थ राहिला आहे की नाही, हा विवेक त्याच्या हाती नाही.

जँगो नावाच्या प्रसिद्ध साधनसंचाचेच पाहा. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत त्याचा जन्म झाला आणि २००५ साली तो सर्वांस खुला करण्यात आला. त्यात 'डीबग' नावाची एक खूण आहे. ती चालू असली म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रत्येक प्रश्न व त्याला लागलेला वेळ यांची नोंद मेमरीत राहते. हेतू उत्तम आहे : कोठे वेळ जातो हे कर्त्यास समजावे. संकेतस्थळावर यापासून उपद्रव होत नाही, कारण नव्या वाचकाची मागणी येताच मागील नोंदी पुसून पाटी कोरी होते. परंतु रात्रभर एकटी चालणारी स्क्रिप्ट घ्या. तिच्या दारी वाचक येत नाही, म्हणून पाटीही पुसली जात नाही. लाख नोंदी हाताळल्या की लाख प्रश्नांची स्मृती साठते. येथे विस्मरण नाही, उलट सर्व काही आठवत राहणे हाच दोष आहे. आणि तो करणारा चोर नसून अतिशय दक्ष कारकून आहे. २०१५ साली निघालेल्या १.८ या आवृत्तीपासून अशा नोंदींस ९००० ची मर्यादा घातली गेली. नवी आली की सर्वांत जुनी जाते.

म्हणूनच शोधही वेगळ्या रीतीने करावा लागतो. एकूण मेमरी किती खर्ची पडली हे पाहून काही कळत नाही, कारण मोठा खर्च पुष्कळदा न्याय्य असतो. पायथनच्या ३.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, ट्रेसमॅलॉक नावाचे साधन भाषेबरोबरच मिळते. त्याने एका क्षणी सर्व मेमरीची नोंद घ्यावी, हजार फेऱ्या होऊ द्याव्या, पुन्हा नोंद घ्यावी आणि दोहोंची वजाबाकी करावी. जे फेरीगणिक वाढत जाते तेथेच संशयाचे स्थान. वाढ प्रोग्रामच्या कोणत्या ओळीवर झाली हे साधन सांगते. ती वस्तू अजून कोणी व का धरली आहे, हे माणसाला विचार करूनच काढावे लागते. अनेकदा तो धागा डेटाबेसपाशी जातो : न मिटलेली जोडणी, किंवा एका दमात मागवून घेतलेली लाखभर ओळींची यादी.

येथे व्यवहारी माणूस म्हणेल की इतका खटाटोप कशाला? रोज रात्री प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा, मेमरी आपोआप मोकळी होते. हा उपाय सर्रास चालतो, आणि आम्ही त्यास सरसकट अधर्म म्हणणार नाही. माणूसही रात्री निजतोच. १९९५ साली एका अभियंत्याने सांगितलेली एक हकीकत या व्यवसायात प्रसिद्ध आहे. एका क्षेपणास्त्राच्या प्रोग्राममध्ये गळती होती. कर्त्यांनी उड्डाणाच्या अवधीत किती मेमरी गळेल याचा हिशेब केला, तिच्या दुप्पट मेमरी बसविली आणि गळती तशीच राहू दिली. क्षेपणास्त्र फुटले की गळतीही संपली! त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. ज्याचे आयुष्य काही मिनिटांचे, त्याने पुढच्या वर्षाची चिंता का करावी?

मात्र हा न्याय आपणास लागू करताना दोन अडचणी येतात. एक अशी की, देवालय, कुटुंब वा संस्था ही क्षेपणास्त्रे नव्हेत. त्यांची पिढ्यान्पिढ्या चालण्याची अपेक्षा असते. दुसरी अधिक खोल आहे. बंद करून पुन्हा सुरू केल्याने यंत्र खरोखरच कोरे होते. आपल्या शास्त्रांच्या मते जीव तसा होत नाही. देह पडला तरी संस्कार बरोबर येतात. अपरिग्रह स्थिर झाला असता पूर्वजन्म कसे व कोणते याचा बोध होतो, असे योगसूत्रांत म्हटले आहे, ते अकारण नसावे. मरणाने पाटी पुसली जाते असे मानणाऱ्यास रात्रीचा उपाय पुरेल. तसे न मानणाऱ्यास आज ना उद्या कोण काय धरून बसले आहे हे पाहावेच लागेल.

आणि पाहावयाचे कोणी? २२ ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनियात ॲमेझॉनच्या संगणक-केंद्रातील साठवणीच्या यंत्रांचा बोजवारा उडाला आणि रेडिटसारखी मोठी संकेतस्थळे अडखळली. कंपनीने स्वतःच कारण प्रसिद्ध केले. माहिती गोळा करणारे एक यंत्र नादुरुस्त झाल्याने बदलण्यात आले. परंतु नवा पत्ता सर्वत्र पोहोचला नाही. काही यंत्रांवरील प्रतिवेदक प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर हाका मारीत राहिला, आणि त्यात दडलेल्या दोषामुळे दर हाकेबरोबर थोडी मेमरी गळत गेली. माहिती गोळा करण्याची व्यवस्था अशी केलेली होती की काही माहिती न आली तरी तिचे अडू नये. तिचे अडले नाही, म्हणून कोणी ओरडले नाही. उणीव सोसण्याचा हा गुण एरवी कौतुकाचा. येथे त्यानेच दोष झाकला. त्या केंद्रात कोणी एक मनुष्य अपराधी होता, असे हा वृत्तान्त वाचून आम्हांस म्हणता येत नाही.

म्हणून दोष कोणाचा, या प्रश्नावर आम्ही फार वेळ घालवू इच्छीत नाही. गळती ठेवणारा बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो, आणि ज्याच्या हाती प्रोग्राम आला त्याने ती केलेली नसते. तथापि कोठी आता त्याच्या ताब्यात आहे, आणि तिच्यावर अवलंबून असलेले शेजारीही त्याचेच आहेत. आमच्या मते कर्तव्य त्याचे. त्याला दोन दिवस शोधावे लागते, आणि दुरुस्ती पुष्कळदा एका ओळीची निघते. ते दोन दिवस कोणत्याही अहवालात दिसत नाहीत, कारण त्यानंतर काहीच घडत नाही. यंत्र चालत राहते, पावत्या निघत राहतात. असे काम करणारे कोणी आपल्या घरी असेल, तर आज काय केलेस असे विचारून त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, मग त्यातील निम्मे समजो वा न समजो.