चाळिशीचे उपकार

चाळिशी उलटली की मिस्साच्या वेळी वाचनाला उभे राहताना आपला हात आपोआप खिशाकडे जातो. चष्मा हाताला लागला की जीव भांड्यात पडतो. घरी विसरला असेल तर दोष घरच्यांचा! पण चष्मा आहे म्हणून आपण कधी कुणाचे आभार मानले आहेत का? मानायचे तरी कुणाचे? दुकानदाराला पैसे दिले, पावती घेतली, हिशेब मिटला.

तो खरोखरच मिटतो का?

प्रभू येशूच्या काळी चष्मा नव्हता. डोळे थकले की वाचन, शिवण, बारीक कारागिरी सारेच थांबे. २३ फेब्रुवारी १३०६ रोजी डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डानो दा पिसा यांनी इटलीतील फ्लॉरेन्स येथे प्रवचनात सांगितले की, चष्मा करण्याची कला सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. ज्याने ती शोधली त्याला आपण पाहिले आहे, त्याच्याशी बोललो आहोत. त्या माणसाचे नाव मात्र त्यांनी सांगितले नाही. (भर प्रवचनात चष्म्याची स्तुती! आज एखाद्या फादरांनी मोबाईलची केली तर आपल्या भुवया उंचावतील.)

पिसा येथील डॉमिनिकन मठाच्या बखरीत आणखी एक नोंद आहे. कुणीतरी प्रथम चष्मा बनवला, पण ती विद्या तो इतरांना द्यायला तयार नव्हता. मठातील अलेस्सांद्रो देल्ला स्पिना यांनी स्वतः चष्मे बनवले आणि आनंदाने, मोकळ्या मनाने ती कला सर्वांना दिली. स्पिना १३१३ साली वारले. आपल्या नाकावरच्या चष्म्यात त्या अनामिकाची बुद्धी आहे, तसाच स्पिनांचा मोकळा हातही आहे. आपल्या पावतीत या दोहोंचीही किंमत धरलेली नाही.

त्याच संघाचे संत थॉमस अक्वायनस १२७४ साली, म्हणजे चष्मा येण्यापूर्वीच, निवर्तले. कायद्याने वसूल होणारे देणे आणि उपकाराचे देणे यांत त्यांनी फरक केला आहे. दुसरे कुणी मागायला येत नाही. ते आपण होऊन द्यायचे असते.

लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांपैकी नऊजणांना आपण सहज कृतघ्न म्हणतो. पण याजकांकडे जा, असे खुद्द येशूनेच त्यांना सांगितले होते. सांगितलेले ते करत होते, नियमात कुठे कसूर नव्हती. आपणही पैसे चुकते करतो, त्यातलेच हे! परत फिरला तो एक शोमरोनी. त्याने मोठ्याने देवाचे गौरव केले आणि येशूच्या पायांशी येऊन त्याचे आभारही मानले. 'सारे देवानेच दिले' म्हणून माणसाला विसरणे, हीदेखील आम्हांला एक पळवाटच वाटते.

आणि ज्याचे नावच ठाऊक नाही त्याचे देणे फेडायचे कुठे? स्पिनांनी कला आपल्यापाशी ठेवली नाही, पुढे दिली. आपल्या कपाटात मात्र दोन-तीन जुन्या फ्रेमा पडून असतात, आणि ओटीवर बसलेली आजी प्रार्थनेचे पुस्तक बाजूला सारत म्हणते, "आता कुठे दिसतंय मला, तूच वाच." तिचा नंबर तपासून किती वर्षे झाली, हे घरात कुणालाच नीट आठवत नाही.