खोट्या कागदावरचे घर

गेल्या कार्तिकात टाकवे बुद्रुक येथे कीर्तन झाले. मंडळी पांगली, पण एक तरुण देवळाच्या खांबाला टेकून तसाच बसून राहिला. जवळच्याच कारखान्यात तो कामाला आहे. आम्ही वीणा ठेवून निघालो, तसा जवळ येऊन म्हणाला, ‘‘महाराज, एक विचारू का? घर बांधायचंय. पगारावर कर्ज कमी बसतंय. एजंट म्हणतो, पगाराची चिठ्ठी वाढवून आणतो, अन् गाडीचं कर्ज दाखवूच नका. हप्ता तर मी भरणारच आहे. मग ह्यात पाप कसलं? आणि तुकोबारायांनी तर कर्जाचे कागदच इंद्रायणीत बुडवले की!’’

वाचकहो, हा प्रश्न एकट्या त्याचा नाही, म्हणून येथे मांडतो.

आधी व्यवहार पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, फसवून दुसऱ्याचा पैसा हाती घेणे हा कलम ३१८ (४) खालील गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पूर्वी ज्यास लोक ‘चारशेवीस’ म्हणत, तेच हे कलम. फसवणुकीसाठी बनावट कागद करणे हा वेगळा गुन्हा, त्यासही सात वर्षांपर्यंत कैद. आणि कागद एजंटाने बनवला, मी फक्त दिला, असे म्हणून सुटका नाही. बनावट आहे हे ठाऊक असून तो खरा म्हणून वापरणाऱ्यास, जणू त्यानेच तो बनवला, अशी शिक्षा आहे. गाडीचे कर्ज लपवणे म्हणजे ‘नुसते न सांगणे’, असेही समजू नये. १८७२ च्या करार कायद्यात जाणूनबुजून गोष्ट दडवणे हेही कपटच मानले आहे. चुकून आकडा चुकला तर गोष्ट निराळी. न्यायालय हेतू पाहते.

शिवाय बहुतेक कर्जकरारांत अट असते की, माहिती खोटी निघाल्यास सगळे कर्ज एकदम परत मागता येईल. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते बुडीताकडे धरले जाते. मग २००२ च्या कायद्याप्रमाणे साठ दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर खटला न भरताही घरावर जप्ती येऊ शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवले.

हे सारे ऐकून तो म्हणाला, ‘‘पण पकडलंच नाही तर?’’

खरा प्रश्न येथे सुरू होतो. आम्ही विचारले, ‘‘जामीन कोण राहतंय?’’

‘‘चुलते.’’

‘‘त्यांना हे ठाऊक आहे?’’

त्याने मान खाली घातली.

खोटे बँकेच्या खिडकीत दिले जाते, पण ते जाऊन बसते जामिनाच्या उंबऱ्यात. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. चुलत्यांनी सही केली ती पुतण्याच्या शब्दावर, आणि तो शब्दच खोटा. बँकेचा पैसा तरी कोणाचा? कुणा विधवेची ठेव, कुणा म्हाताऱ्याचे निवृत्तीचे पैसे. अमेरिकेत २००८ पूर्वी उत्पन्नाची शहानिशा न करता पुष्कळ घरकर्जे दिली गेली. लोक त्यांस ‘लबाडांची कर्जे’ म्हणत. त्यात सावकार आणि दलालही सामील होते. घरांचे भाव पडले तेव्हा कोणतीही लबाडी न केलेले लोकही रस्त्यावर आले. पगार पाहून हप्ता ठरवणे हा बँकेचा अडमुठेपणा नव्हे; ते आपल्याच संसाराचे कुंपण आहे. खोटा पगार दाखवला तरी महिनाअखेरीस हातात येतो तो खराच पगार.

आता तुकोबारायांची गोष्ट. परंपरा सांगते की, लोकांकडून येणे असलेल्या पैशांची खते होती. त्यातील अर्धी त्यांनी भाऊ कान्होबा यांना दिली आणि केवळ आपल्या वाट्याची डोहात सोडली. ध्यानात घ्या, ते धनको होते, ऋणको नव्हते. त्यांनी सोडला तो आपला हक्क, आणि भावाच्या वाट्यास हातही लावला नाही. आपले देणे लपवणाऱ्याने त्यांचा दाखला द्यावा, हे उलटेच झाले. धनको क्षमा करू शकतो. ऋणकोने स्वतःलाच क्षमा करून घेता येत नाही.

मग घर बांधूच नये काय? बांधावे. बायको कमावती असेल तर तिला सहकर्जदार करावे, मुदत वाढवून मिळते का पाहावे, आधी गाडीचे कर्ज फेडावे, नाहीतर आज दोन खोल्या बांधून वरचा मजला पुढे चढवावा. अर्ज देऊन झाला असेल तर जाणत्या वकिलास विचारून, पैसे उचलण्याआधी, लेखी दुरुस्त करावा.

त्या तरुणास आम्ही एवढेच सांगितले, ‘‘बाबा, तो अर्ज घरी ने आणि चुलत्यांपुढे बसून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. जिथे आवाज अडेल, तिथला आकडा बदल.’’

तो बराच वेळ गप्प होता. मग पायावर डोके ठेवून म्हणाला, ‘‘महाराज, दोनच खोल्या होतील.’’

होऊ देत. त्या दोन खोल्यांत चुलते आले तर त्यांना डोळे वर करून ‘या, बसा’ म्हणता येईल.

रामकृष्णहरि.