अपुरा न्याय

न्याय पूर्ण मिळत नसेल, तर अर्धा स्वीकारावा काय? कुटुंबात, गावकीत, सभागृहात हा प्रश्न वारंवार उभा राहतो. जो स्वीकारतो त्यास आपण तडजोडवादी म्हणतो. जो नाकारतो त्यास हटवादी. थॅडियस स्टीव्हन्स या अमेरिकन वकिलाने दोन्ही केले. म्हणून त्यांचे चरित्र आम्हांस विचारार्ह वाटते.

स्टीव्हन्स १७९२ साली व्हरमाँट राज्यात जन्मले. पाय जन्मतः अधू, घरी दारिद्र्य. पुढे पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे त्यांनी वकिली थाटली. १८२१ साली त्यांनी एका मालकाची बाजू मांडली आणि चॅरिटी बटलर ही स्त्री त्याची गुलाम ठरली. कायद्यात ते बसले. न्यायात बसले असे कोण म्हणेल? नंतर मात्र ते पळून आलेल्या गुलामांचे वकीलपत्र विनामूल्य घेऊ लागले.

१८३८ साली पेनसिल्व्हेनियाच्या नव्या राज्यघटनेने मताधिकार केवळ गोऱ्या पुरुषांपुरता राखला. घटना परिषदेचे सदस्य असूनही स्टीव्हन्स यांनी तिच्यावर सही केली नाही.

१८६६ साली ते काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहातील वजनदार नेते होते. चौदाव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरीतून सुटलेल्यांना नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण मिळणार होते. मताधिकाराची हमी मात्र नव्हती. आपले स्वप्न भंगले, हे सभागृहात उघड सांगून त्यांनी तिला पाठिंबा दिला. आपण माणसांत राहतो, देवदूतांत नव्हे, असे कारण त्यांनी दिले.

मग १८३८ चा बाणेदारपणा कोठे गेला? आमच्या मते तो ढळला नव्हता. पहिला दस्तऐवज कृष्णवर्णीयांना काही ठिकाणी असलेला हक्क हिरावून घेत होता. दुसरा त्यांच्या पदरी काही घालीत होता आणि उरलेले मागण्याची वाट मोकळी ठेवीत होता. अपुऱ्या न्यायाला संमती देता येते. अन्यायाला देता येत नाही. मात्र अर्धे स्वीकारणाऱ्याने ते अर्धेच आहे, हे उघडपणे म्हटले पाहिजे. कारण उरलेल्या अर्ध्याची वाट बहुधा त्याला नव्हे, दुसऱ्यालाच पाहावी लागते.

वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी पंधरावी दुरुस्ती १८७० साली संमत झाली. ती पाहण्यास स्टीव्हन्स नव्हते. ऑगस्ट १८६८ मध्ये ते निवर्तले होते. लँकेस्टर येथे त्यांनी आपल्यासाठी मुद्दाम अशी दफनभूमी निवडली होती, जिच्यात वर्णावरून कोणास मज्जाव नव्हता. तेवढ्या एका जागेपुरती तरी त्यांनी तडजोड केली नाही.