अक्विला व प्रिस्किल्ला यांचें घर

वाचनाचा भाग : प्रेषितांचीं कृत्यें १८ : १-३, २४-२८



एखाद्याचा बाप्तिस्मा झाला व त्याचें नांव मंडळीच्या नोंदवहींत लिहिलें गेलें, म्हणजे आपलें काम संपलें असें आपण पुष्कळ वेळां समजतों. शेतकऱ्यानें पेरणी करून तिफण उचलून ठेवावी व सुगीपर्यंत शेताकडे फिरकूं नये, तर त्याला सारा गांव हंसेल. मंडळीच्या शेतांत मात्र आपण नेमकें हेंच करितों, आणि दहा वर्षांनीं तो मनुष्य जेथल्या तेथेंच आहे असें पाहून उलट त्याजवरच दोष ठेवितों. करिंथकरांस लिहितांना पौलानें आपल्या कामास लावणीची व अपुल्लोच्या कामास पाणी घालण्याची उपमा दिली. वाढविणारा देव, हें त्यानें निक्षून सांगितलें. परंतु ज्या अपुल्लोनें पुढें इतरांस पाणी घातलें, त्याला स्वतःला पाणी कोणीं घातलें, याचा विचार आपण क्वचितच करितों.

अपुल्लो हा आलेक्सांद्रियाचा यहूदी. वक्ता मोठा, शास्त्रांत निपुण, मनाचा आवेशी. तो इफिसास आला व सभास्थानांत धैर्यानें बोलूं लागला. तो येशूविषयीं जें सांगत होता तें खोटें नव्हतें. तें अपुरें होतें. योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडचें त्याला ठाऊक नव्हतें. ऐकणाऱ्यांत अक्विला व त्याची बायको प्रिस्किल्ला हीं होतीं. क्लौद्य कैसरानें यहूद्यांस रोम सोडावयास लाविलें, तेव्हां हें जोडपें करिंथास आलें, आणि तेथून पौलाबरोबर इफिसास आलें. त्यांचा धंदा तंबू करण्याचा. त्यांजवर कोणीं हात ठेवून त्यांना पाळक नेमिलें होतें, असें लूकानें कोठें लिहिलें नाहीं. दिवसभर राठ कापडांत दाभण घालून ज्यांचीं बोटें दुखत असतील, अशीं तीं कष्टकरी माणसें.

त्यांना अपुल्लोची चूक कळली. तीं तेथेंच उभीं राहून म्हणूं शकलीं असतीं कीं, हा मनुष्य अर्धेंच जाणतो. त्यांचें बोलणें खरें ठरलें असतें, आणि इफिसच्या मंडळीनें कदाचित् अपुल्लोला गमाविलें असतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं त्याला आपणांकडे नेलें व देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. (त्या दिवशीं त्या घरीं जेवावयास काय होतें, हेंही लूकानें लिहून ठेवावयास हवें होतें, असें मला नेहमीं वाटतें.) आणखी एक गोष्ट पाहा. नव्या करारांत या दांपत्याचा उल्लेख येतो, त्यांत तीन ठिकाणीं तरी प्रिस्किल्लेचें नांव नवऱ्याच्या आधीं आहे. म्हणजे आलेक्सांद्रियाचा हा विद्वान एका तंबू करणाऱ्या बाईपाशीं बसून शिकला. आम्हां पाळकांना व उपदेशकांना हें औषध कडू लागतें, पण तें आमच्यासाठींच आहे.

मीं हें कसें शिकलों तें सांगतों. त्यांत माझी शोभा नाहीं. सेमिनरींतून नुकताच बाहेर पडून मी एका खेड्यांतील मंडळींत काम करूं लागलों होतों. बुधवारच्या प्रार्थनेंत एक वृद्ध गृहस्थ उठले. त्यांची शेळी मरणाच्या दारांतून परतली होती. त्यांनीं प्रभूचे आभार मानिले व बोलले कीं, हिला सुखरूप पिलूं झालें तर तुला कोंबड्यांची जोडी वाहीन. मी त्यांची प्रार्थना संपूं दिली नाहीं. उभा राहून नवस व प्रार्थना यांतील भेद मीं सर्वांसमक्ष समजाविला. त्याला शास्त्रांतील दाखलेही दिले. उपदेश चांगला झाला असें मला वाटलें. ते गृहस्थ खालीं बसले, आणि पुढें दोन वर्षें मीं त्यांचा आवाज प्रार्थनेंत ऐकला नाहीं. ते येत, दाराजवळ बसत, आणि शेवटचें गीत संपण्यापूर्वीं उठून जात.

मंडळींत एक विधवा बाई होती. तिला अक्षरओळख नव्हती. भुईमुगाच्या दिवसांत ती त्यांच्या अंगणांत शेंगा तोडावयास जाऊन बसे. पहिल्या दिवशीं तिनें शेळीची विचारपूस केली, एवढेंच. कांहीं दिवसांनीं ती म्हणाली, “दादा, प्रभु कोंबडी घेत नाहीं, पण तुझें ऐकतो. पोरानें आईला सांगावें तसें त्याला सांग.” मग तीं दोघें तेथेंच, शेंगांच्या ढिगापाशीं, प्रार्थना करूं लागलीं. नाताळच्या आदल्या रात्रीं ते गृहस्थ मंडळींत पुन्हा उभे राहिले. शब्द मोडके होते, नवस नव्हता. नंतर ती बाई मला म्हणाली, “साहेब, तुम्ही बरोबरच बोललां होतां, पण चारचौघांत बोललां.” त्या गृहस्थांची क्षमा मागावयास मीं त्यानंतरही एक वर्ष लाविलें, याची मला अजून लाज वाटते.

वाढीला वेळ लागतो, हें आपल्याच लोकांच्या इतिहासांत दिसतें. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं मुंबईंत झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० सालीं. मधल्या काळांत त्यांचें सोवळें-ओवळें कसें हळूहळू सुटत गेलें, तें त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या पुस्तकांत मोकळ्या मनानें व पुष्कळ विनोदानें सांगितलें आहे. वाद घालून कोणीं तें एका दिवसांत सोडविलें नाहीं. टिळकांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें याच बाईंनीं पुरें केलें. ज्याला आपण आज मागासलेला म्हणून सोडून देतों, त्याच्या हातून देव उद्यां काय पुरें करवील, हें आपणांस कोठें ठाऊक आहे?

तेव्हां, उपदेशक बंधूंनो, रविवारच्या उपदेशावरच सारा भार टाकूं नका. मंडळींत शेंगा तोडीत बोलणारीं माणसें कोण आहेत तीं शोधा. तीं बहुधा पुढच्या रांगेंत नसतात. त्यांना सांगा कीं, अमक्याच्या घरीं जाऊन बसा. काय बोलावें तें त्यांना तुमच्याहून बरें कळतें.

आणि अपुल्लोच्या गोष्टीचा शेवट विसरूं नका. तो अखयास जावयास निघाला, तेव्हां इफिसांतील बंधूंनीं तेथील शिष्यांस त्याचा स्वीकार करावा म्हणून पत्र लिहिलें. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या कित्येक मंडळ्यांतील कुटुंबें ऊसतोडणीस जातात, आणि तीं उन्हाळ्यांत परत येईपर्यंत त्यांना कोणी विचारीत नाहीं. ज्या कारखान्यावर तीं जाणार, त्याच्या जवळपास मंडळी असेल तर तेथील पाळकास चार ओळी लिहा. कोण येत आहेत, मुलें किती, कोण आजारी आहे, कोण नुकताच प्रार्थना करावयास शिकत आहे व त्याला सर्वांसमक्ष टोकूं नये, हें सारें त्यांत असूं द्या. मोबाइलवर लिहिलें तरी चालेल. मुकादमाचा ट्रक गांवांत येण्यापूर्वींच्या रविवारीं तें पत्र गेलेलें असावें.