मार्ली घरातच राहिला



जो आपले ऐकतो त्याच्यावर प्रेम करणे आपल्याला जड जात नाही. जो ऐकतच नाही त्याच्यापाशी मात्र प्रेमाची कसोटी लागते. आज एका कुत्र्याच्या निमित्ताने आपण या गोष्टीवर मनन करू या.

जॉन ग्रोगन या अमेरिकन पत्रकाराचे ‘मार्ली अँड मी’ हे पुस्तक २००५ साली प्रसिद्ध झाले. २००८ साली त्यावर चित्रपटही निघाला. मार्ली हा त्यांचा लॅब्रेडोर. नव्या संसारात हौसेने आणलेले हे पिल्लू बघता बघता ४४ किलोंचे धूड झाले. ढग गडगडले की तो भेदरून दारे-भिंती ओरबाडायचा. एकदा त्याने सोन्याची साखळीच गिळली. कुत्र्यांना शिस्त लावणाऱ्या वर्गातूनही त्याची हकालपट्टी झाली!

पण ग्रोगन यांच्या पत्नी जेनी यांचे पहिले बाळ गर्भातच दगावले, तेव्हा एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारा हाच मार्ली त्यांच्या मांडीवर डोके टेकून निमूट उभा राहिला. पुढे दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर जेनी खचल्या आणि हा कुत्रा आता घरात नको, असे त्यांनी निक्षून सांगितले. ग्रोगन यांनी त्याला घालवण्याची घाई केली नाही. ते त्याला पुन्हा नेटाने शिकवू लागले. जेनी सावरल्या आणि मार्ली घरातच राहिला. २००३च्या डिसेंबरात म्हातारा होऊन तो गेला, तेव्हा सारे घर रडले.

सद्गुण सरावाने अंगी बाणतो, असे तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो. कुत्र्याला ‘बस’ हा एक शब्द शिकवायचा तरी तो रोज, न चिडता, पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. कुत्रा शिकेल तेव्हा शिकेल, पण सांगणाऱ्याच्या अंगी तोवर थोडी सहनशीलता येते. परमेश्वर तर आपल्याला तीच आज्ञा आयुष्यभर सांगत असतो, आणि आपण ऐकत नाही म्हणून घराबाहेर काढत नाही.

आपल्याकडेही हौसेने पिल्लू आणले जाते आणि ते मोठे झाले की दिवसभर साखळीला बांधले जाते, नाहीतर दूर नेऊन सोडले जाते. पाळलेला प्राणी टाकून देणे हा १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. प्राण्यांना विनाकारण छळणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २४१८) सांगितले आहे. माणसाच्या वाट्याचे प्रेम प्राण्यांना देऊ नये, असेही तिथेच म्हटले आहे. म्हणून कुत्र्याचे लाड करताना घरातल्या माणसांकडेही पाहू या. हट्टी मुलगा, तेच तेच विचारणारी आजी, व्यसनात अडकलेला भाऊ यांचा कंटाळा येऊन आपण मनाने त्यांना केव्हाच घराबाहेर ठेवलेले असते. शिस्त हवी, प्रसंगी कठोर शब्दही हवा, पण तो घरात ठेवून घेणाऱ्याचा असावा. उधळ्या पुत्राच्या बापाने दार बंद केले असते, तर मुलगा परतला कुठे असता?

या आठवड्यात घरातल्या अशा एका व्यक्तीजवळ आपण घटकाभर बसू या. मार्लीसारखे निमूट बसलो तरी चालेल. थकलेल्या प्रत्येक घराला प्रभू येशू आपली सहनशीलता देवो. आमेन.