संरक्षकाचे ऋण

अकिरा कुरोसावा यांचा 'सेव्हन सामुराई' (१९५४) साहसपट म्हणून पाहिला जातो, आणि तो तसा आहेही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका जपानी खेड्यावर सुगीनंतर दरोडेखोर चालून येणार असतात. गावकरी केवळ भाताच्या बोलीवर सात सामुराई आणतात आणि लढाई जिंकली जाते. मात्र या साहसकथेने उपस्थित केलेला नैतिक प्रश्न आपल्या ऐतिहासिक कल्पनाशक्तीला गैरसोयीचा आहे : रक्षणकर्ता आणि रक्षित यांत ऋणको कोण?

आपल्याकडे रयतेची कृतज्ञता गृहीतच असते. चित्रपटाच्या मध्यावर हे गृहीतक कोसळते. पराभूत, पळत्या सामुराईंना मारून गावाने लपवलेली चिलखते व शस्त्रे किकुचियो समोर आणतो, तेव्हा इतर सामुराई संतापतात. शेतकरी लबाड आहेत, धान्य दडवतात, हे तोही मान्य करतो. पण त्यांना असे कोणी केले, या त्याच्या प्रश्नापुढे म्होरक्या काम्बेईचे डोळे पाणावतात. किकुचियो स्वतः शेतकऱ्याचा पोर, खोट्या वंशावळीवर सामुराई म्हणवणारा. म्हणूनच त्याचा अधिकार कोणत्याही शुद्ध सामुराईहून मोठा ठरतो. (आरोप आणि समर्थन दोन्ही त्याच्याच तोंडी आहेत, गावकऱ्यांना येथे स्वतःचा शब्द नाही, ही कुरोसावांचीही मर्यादा.)

एम. ए.च्या वर्गात या प्रसंगावर बोलताना वर्धा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, स्वतःचंच धान्य लपवलं तर ती लबाडी कशी?" मी नागपुरात शिकवतो, पेंढाऱ्यांचा इतिहास येथून दूर नाही. मराठी फौजांसोबत वेतनाऐवजी लुटीवर जगणारे हे स्वार पुढे नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातही धाड घालीत. पेव उकरणाऱ्याच्या हातातील तलवार कोणत्या झेंड्याची, हा भेद कुणब्याला कितपत परवडत असेल?

बाबूराव पेंटर यांनी 'सिंहगड' (१९२३) आणि 'सावकारी पाश' (१९२५) हे दोन्ही मूकपट काढले. पहिल्यात शांताराम शेलारमामा झाले, दुसऱ्यात जमीन गमावणारा तरुण शेतकरी. एकच दिग्दर्शक, एकच नट, अवघे दोन वर्षांचे अंतर. तरी तलवार आणि नांगर यांची गाठ एका चित्रपटात पडली नाही. पुढील मराठी ऐतिहासिक पटांनी पहिली वाट रुंद केली, दुसरी सामाजिक पटाकडे सोपवली. या विभागणीमुळेच शेलारमामाला त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले नाही, असे मला वाटते.

कुरोसावांनी ती भेट टाळली नाही. शेवटी चार सामुराईंच्या थडग्यांवर तलवारी रोवलेल्या आहेत, उरलेले तिघे खाली पाहत उभे आहेत. विजय शेतकऱ्यांचा, आपला नव्हे, असे काम्बेई म्हणतो. याला वीराचा विनय म्हणण्याची सवय टीकाकारांना आहे. मला ती हिशेबाची कबुली वाटते. खाली चिखलात ढोलाच्या ठेक्यावर भातलावणी चाललेली असते, आणि वर कोणी पाहत नाही.